नवी मोटार आणि तिचे पारखी

नव्या वस्तूची ओढ मनुष्याला उपजतच असते. परंतु नव्या मोटारीची ओढ कांहीं निराळीच. नवें भांडें स्वयंपाकघरांत जातें, नवें वस्त्र अंगावर चढतें, आणि चार दिवसांत त्यांचें नवेपण विसरलें जातें. मोटारीची गोष्ट तशी नाहीं. दर चार-दोन वर्षांनीं नवा नमुना काढल्यावांचून कारखानदाराला चैन पडत नाहीं, आणि तो नमुना कसा निघाला हें वाचल्यावांचून मोटारीच्या शौकिनाला झोप येत नाहीं. हा शौकीन मोटार विकत घेणारा असेलच असें नाहीं. कित्येकांच्या दारांत सायकलीखेरीज दुसरें वाहन नसतें. तरीहि अमक्या गाडीची अश्वशक्ति किती, तमकीचा सांगाडा कोणत्या जुन्या नमुन्यावरून उचलला, तिसरीच्या दिव्यांचा आकार यंदा कां बदलला, हें सर्व त्यांना तोंडपाठ असतें. घोड्याची पारख करणारा जसा घोडा नसला तरी बाजारांत हिंडतो, तसा हा मनुष्य मोटारींच्या वार्तांत हिंडत असतो.

ही माहिती त्याला मिळते ती मोटारींवर लिहिणाऱ्या नियतकालिकांतून. नवी गाडी बाजारांत येण्यापूर्वींच ती चालवून पाहण्याची संधि त्यांच्या लेखकांना मिळते. जी गाडी चालविण्याचा योग सामान्य शौकिनाला कदाचित् जन्मांत येणार नाहीं, ती तो या लेखकांच्या हातांनीं चालवितो. म्हणूनच नव्या नमुन्यांविषयीं बोलावयाचें म्हणजे त्यांच्या पारख्यांविषयींहि बोलणें भाग पडतें. सोनें कितीहि लखलखीत दिसलें तरी त्याची किंमत ठरते ती कसोटीच्या दगडावर. आणि दगडच खोटा असला तर त्या झळाळीला अर्थ राहत नाहीं.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठा खर्च मोटारीचाच. कर्ज काढून ती घ्यावी लागते आणि पांच-सात वर्षें त्याचे हप्ते फेडावे लागतात. गाडी फसवी निघाली म्हणून हप्ता चुकत नाहीं. शिवाय तिच्या मागच्या बाकावर मुलेंबाळें बसतात. ऐन प्रसंगीं तिचे ब्रेक कसे लागतील, अचानक वळवावी लागली तर ती चाकांवर उभी राहील कीं नाहीं, हें दुकानदाराबरोबर मारलेल्या दहा मिनिटांच्या फेरींत गिऱ्हाइकाला कळणें शक्य नसतें. ज्याला तें कळूं शकतें त्यानें तें निर्भीडपणें लिहिलें कीं नाहीं, यावर कधीं लोकांचा पैसा तर कधीं लोकांचा जीव अवलंबून असतो.

मोटारीवरील लेखनाचा इतिहास पाहूं गेल्यास त्याचा आरंभ निःपक्षपाती परीक्षेंतून झालेला दिसत नाहीं. या विषयाला वाहिलेल्या आद्य नियतकालिकांपैकीं आजहि चालू असलेलें 'दि ऑटोकार' हें साप्ताहिक २ नोव्हेंबर १८९५ रोजीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें सुरू झालें. त्या वेळीं तेथील कायद्यानें यांत्रिक वाहनाला उघड्या मुलुखांत ताशीं चार मैल आणि गांवांत दोन मैल एवढीच मुभा दिली होती, आणि वाहनापुढें एक माणूस पायीं चालत ठेवावा लागे. १८९६ च्या कायद्यानें तो पुढें चालणारा माणूस गेला आणि वेगाची मर्यादा ताशीं १४ मैलांपर्यंत वाढली. यांत्रिक वाहनांचें हित साधणें हाच आपला उद्देश, असें हें साप्ताहिक आपल्या मुखपृष्ठावरच सांगत असे. त्याचे पहिले संपादक हेन्री स्टर्मी हे डेमलर या मोटार कंपनीचे एक संचालकहि होते. १८९७ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं स्कॉटलंडच्या उत्तर टोंकावरील जॉन ओ'ग्रोट्सपासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकावरील लँड्स एंडपर्यंत ९२९ मैलांचा प्रवास डेमलर गाडींतून केला आणि त्याची हकीकत लिहिली. लेखक, संपादक आणि कारखान्याचा संचालक असे तिघे जण त्या एकाच आसनावर बसले होते!

आजच्या दृष्टीनें हा प्रकार विचित्र वाटतो. पण त्या काळाला तो शोभणारा होता. तेव्हां ही मोटार चांगली कीं ती, असा वादच नव्हता. वाद होता मोटार आणि घोडा यांचा. मोटार मुळांत चालते, नऊशें मैल गेली तरी मोडून पडत नाहीं, एवढें लोकांना पटविणें हेंच लेखकाचें काम होतें. तें काम वकिलाचें होतें. न्यायाधीशाची गरज पुढें लागली. कारखाने वाढले, एकाच किंमतीच्या पांच-सात गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहूं लागल्या, आणि गिऱ्हाइकाला 'मोटार घ्यावी काय' याऐवजीं 'कोणती घ्यावी' हा प्रश्न पडूं लागला. त्या दिवसापासून वकिली पुरेनाशी झाली.

या प्रश्नाचें पद्धतशीर उत्तर देण्याचें श्रेय पुन्हां त्याच साप्ताहिकाकडे जातें. १९२८ मध्यें 'ऑटोकार'नें ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीच्या एका बंदिस्त नमुन्याची रीतसर परीक्षा छापली, आणि 'रोड टेस्ट' म्हणून जो लेखनप्रकार पुढें जगभर रूढ झाला त्याचा पाया घातला. त्यांतील नवी गोष्ट म्हणजे ठराविक सांचा. सर्व गाड्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानें, त्याच मापांनीं विचारावयाचे. वजन किती, प्रत्येक गिअरमध्यें वेग किती, ठराविक वेगावरून ब्रेक लावल्यास किती अंतरावर थांबते, वळावयास किती जागा लागते, एका गॅलनांत किती मैल जाते. एकाच शिक्षकानें एकाच प्रश्नपत्रिकेवर सर्व मुलांना गुण द्यावे, तसाच हा प्रकार. या आठवड्याची गाडी सहा महिन्यांपूर्वींच्या गाडीशीं ताडून पाहणें वाचकाला तेव्हांपासून शक्य झालें.

ही परीक्षा घेणें दिसतें तितकें सोपें नाहीं. गाडीच्या तबकडीवर दिसणारा वेग सहसा खऱ्या वेगापेक्षां थोडा अधिक असतो. म्हणून परीक्षक त्यावर विसंबत नाहीं. सायकलीच्या चाकासारखें एक हलकें चाक गाडीमागें जोडून त्याच्या फेऱ्यांवरून खरा वेग काढण्याची पद्धति पुष्कळ वर्षें चालू होती. त्याला पांचवें चाक म्हणत. आतां तें काम उपग्रहांच्या साह्यानें चालणारीं यंत्रें करतात. वारा पाठीवर घेऊन गाडी पळविली तर वेग वाढतो. म्हणून एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनीं धांव घेऊन सरासरी काढावी लागते. इंधन मोजावयाचें तर टांकी कांठोकांठ भरून निघावयाचें आणि परतल्यावर पुन्हां कांठोकांठ भरावयाची. इंग्लंडमधील परीक्षकांना अशा कामासाठीं १९०७ सालीं खुला झालेला ब्रुकलँड्सचा उताराचा गोल मार्ग दुसऱ्या महायुद्धापर्यंत फार उपयोगी पडला.

अमेरिकेंत टॉम मॅकेहिल नांवाच्या लेखकानें १९४६ पासून 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकांत गाड्यांच्या परीक्षा लिहिल्या. उभी गाडी ताशीं ६० मैलांचा वेग किती सेकंदांत गांठते, हें माप लोकप्रिय करण्याचें श्रेय त्याला दिलें जातें. तो लठ्ठ बांध्याचा, तोंडाळ आणि विनोदी लेखक होता, आणि गाडी आवडली नाहीं तर तसें स्पष्ट लिही. आंकडा आणि मत या दोहोंची सांगड घातल्यावरच ही परीक्षा पूर्ण होते. बसण्याची जागा पाठीला दुखविते काय, पुढच्या खांबामुळें वळणावरचा पादचारी दिसेनासा होतो काय, गर्दींत वारंवार गिअर बदलतांना पाय अवघडतो काय, हें कोणत्याहि यंत्राला सांगतां येत नाहीं. त्याला माणूसच लागतो.

परंतु आंकड्याला वजन आलें, तसें तो आंकडा वाढवून दाखविण्याचें कौशल्यहि वाढलें. १९६१ च्या मार्चमध्यें जिनेव्हाच्या प्रदर्शनांत जग्वार कंपनीनें आपली 'ई टाइप' गाडी जगापुढें मांडली. ती इतकी देखणी होती कीं आजहि मोटारींच्या सौंदर्याची गोष्ट निघाली म्हणजे तिचें नांव आधीं येतें. त्याच महिन्यांत 'ऑटोकार'नें तिचा परमावधीचा वेग ताशीं १५०.४ मैल आणि 'दि मोटर' या प्रतिस्पर्धी साप्ताहिकानें १४९.१ मैल छापला. दीडशें मैलांची मोटार म्हणून तिची कीर्ति झाली. लेखकांनीं मोजमापांत लबाडी केली नव्हती. पण त्यांच्या हातीं दिलेल्या गाड्या कंपनीनें खास निगुतीनें तयार केलेल्या होत्या. दुकानांतून गाडी घेणाऱ्या साध्या मालकाला तो वेग सहसा गांठतां येत नसे.

अमेरिकेंतील प्रकार याहून उघड होता. १९६४ च्या मार्चमध्यें 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकानें पाँटिअॅक जी.टी.ओ. या अमेरिकन गाडीची तुलना त्याच नांवाच्या इटालियन फेरारीशीं केली. दोन्ही गाड्या प्रत्यक्ष एकत्र पळविल्या नव्हत्याच. तरी मुखपृष्ठावर दोघींची शर्यत रंगविली होती. पाँटिअॅकनें ४.६ सेकंदांत ६० मैलांचा वेग गांठला, हें वाचून तरुणांच्या झुंडी दुकानांकडे वळल्या. त्या गाडींत ३८९ घनइंचांच्या नेहमींच्या इंजिनाऐवजीं ४२१ घनइंचांचें मोठें इंजिन बसविलेलें होतें. पाँटिअॅकच्या जाहिरातीचें काम पाहणारे जिम वँगर्स यांनीं स्वतःच कित्येक वर्षांनीं ही गोष्ट उघड केली. परीक्षेला बसला एक विद्यार्थी आणि प्रमाणपत्र मिळालें दुसऱ्याला, असा हा न्याय झाला.

लबाडी नसतांनाहि पारखी चुकूं शकतो. 'मोटर ट्रेंड' या मासिकानें १९७१ सालची सर्वोत्कृष्ट मोटार म्हणून शेव्हरोले व्हेगा या गाडीला गौरविलें. ती आटोपशीर होती, दिसावयास नीटस होती, आणि नवेपणीं चालतहि बरी होती. पुढें तिचा पत्रा अल्पावधींत गंजूं लागला, ॲल्युमिनियमचें इंजिन तापून निकामी होऊं लागलें, आणि अखेरीस तिची गणना त्या देशांतील फसलेल्या गाड्यांत झाली. गंज लागण्यास ऋतु जावे लागतात. परीक्षकाच्या हातीं गाडी असते आठवडाभर. नव्याचे नऊ दिवस ही म्हण नव्या मोटारीला अक्षरशः लागू आहे, आणि दुर्दैवानें परीक्षक तिला पाहतो तो त्या नऊ दिवसांतच. म्हणून जीं नियतकालिकें एखादी गाडी वर्षभर जवळ ठेवून, तिच्यावर कितीतरी हजार किलोमीटरांचा प्रवास करून मग अभिप्राय देतात, त्यांचा तो अभिप्राय पहिल्या दिवसाच्या स्तुतीपेक्षां मोलाचा मानावा.

या सर्वांच्या मुळाशीं एक अवघड स्थिति आहे. परीक्षेसाठीं गाडी देतो कारखानदार. नव्या गाडीच्या पहिल्या दर्शनासाठीं लेखकांना दूरच्या डोंगराळ किंवा समुद्रकांठच्या रम्य ठिकाणीं नेतो कारखानदार. तेथें त्यांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था करतो तोच. त्या लेखाच्या समोरच्या पानावर पूर्ण पानाची जाहिरात असते तीहि त्याचीच. मराठींत कृतघ्न माणसाला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात. मोटारीच्या परीक्षकाला तर हें वासे मोजण्याचेंच काम नेमून दिलेलें असतें! ज्याच्या घरीं जेवला त्याच्या घराचा कोणता वासा किडका आहे हें त्यानें हात धुतांच लोकांना सांगावयाचें असतें. हें करावयास मनाचा कठोरपणा लागतो. आणि सांगितल्यामुळें पुढच्या वेळीं बोलावणें येणार नाहीं, याची तयारीहि लागते.

या मिंधेपणांतून सुटण्याचा एक मार्ग अमेरिकेंत १९३६ मध्यें स्थापन झालेल्या कन्झ्यूमर्स युनियन या संस्थेनें दाखविला. तिचें मासिक जाहिराती घेत नाहीं. परीक्षेची गाडी ती कारखान्याकडून मागून आणीत नाहीं. साध्या गिऱ्हाइकाप्रमाणें, आपलें नांव न सांगतां, दुकानांतून विकत घेते. त्यामुळें जी गाडी लोकांना मिळते तीच परीक्षेला बसते. अर्थात् हा मार्ग स्वीकारला म्हणजे वाद संपले असें नव्हे. १९८८ मध्यें या संस्थेनें सुझुकी समुराई ही गाडी उलटण्याचा धोका असल्याचें सांगून तिला अस्वीकार्य ठरविलें. परीक्षा मुद्दाम गाडी कलंडेल अशी घेतली, असा आरोप करून कंपनीनें १९९६ मध्यें फिर्याद केली. २००४ मध्यें कोणीं कोणास पैसे न देतां तडजोड झाली. परीक्षकाची पद्धति हीहि परीक्षेला बसावयास तयार असली पाहिजे, हा त्या खटल्याचा धडा.

निर्भीड परीक्षेचें फळ काय असतें हें १९९७ च्या ऑक्टोबरांत स्वीडनमध्यें दिसून आलें. त्या देशांतील अरण्यमय रस्त्यांवर एल्क नांवाचें घोड्याएवढें थोर हरिण अचानक आडवें येतें. त्यामुळें तेथील 'टेक्नीकेन्स वॅर्ल्ड' हें नियतकालिक पुष्कळ वर्षांपासून नव्या गाड्यांची एक खास परीक्षा घेत आलें आहे. रस्त्यावर शंकू मांडावयाचे, गाडी माणसांनीं भरावयाची, आणि ब्रेकला पाय न लावतां ती एकदम डावीकडे व लगेच पुन्हां उजवीकडे वळवावयाची. मर्सिडीज कंपनीची नवी 'ए क्लास' गाडी बाजारांत नुकतीच येत होती. ताशीं सुमारें साठ किलोमीटर वेगानें लेखक रॉबर्ट कोलिन यांनीं ती या शंकूंमधून वळविली आणि गाडी कलंडली. सुरक्षिततेविषयीं ज्या कारखान्याची ख्याति जगभर, त्याची गाडी एका मासिकाच्या परीक्षेंत आडवी झाली!

कंपनीनें प्रथम ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. पण छायाचित्रें सर्वत्र पसरलीं, आणि अखेर सुमारें तीन महिने गाड्यांचें वितरण थांबवून तिला सुधारणा करावी लागली. चाकांची बांधणी बदलली, आणि गाडी घसरूं लागतांच एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिची दिशा सांवरणारी विद्युत्-यंत्रणा प्रत्येक गाडींत बसविण्यांत आली. त्यापूर्वीं ही यंत्रणा मुख्यतः महागड्या गाड्यांचें भूषण होती. पुढें युरोपांत २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची झाली. या घटनेनें कारखानदाराचें नुकसान झालें काय? तात्पुरतें झालें. पण गाडी सुधारली, खपली, आणि कंपनीची अब्रूहि वांचली. खरा परीक्षक कारखानदाराचा शत्रु नसतो, एवढें यावरून सिद्ध होतें.

आजच्या नव्या नमुन्यांपुढें उभा राहिला म्हणजे जुन्या शौकिनाचें मन दुभंगतें. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आवाज नाहीं, धूर नाहीं, आणि पायाचा स्पर्श होतांच त्या ज्या झपाट्यानें निघतात तो झपाटा पूर्वीं केवळ शर्यतीच्या गाड्यांना साध्य होता. हें कौतुक तो मोकळ्या मनानें करतो. पण गाड्या उंच, रुंद आणि जड होत चालल्या आहेत, आणि एकीचा तोंडवळा दुसरीसारखा दिसूं लागला आहे, याचें त्याला वाईट वाटतें. सर्वांत खटकते ती एक गोष्ट: हातानें चांचपून फिरवितां येणारीं बटणें जाऊन त्यांच्या जागीं कांचेचा मोठा पडदा आला. हवा थंड करावयाची तरी त्या पडद्याकडे पाहावें लागतें, आणि तेवढा वेळ डोळे रस्त्यावरून उठतात.

ही तक्रार म्हातारपणची कुरकुर म्हणून सोडून देतां आली असती. पण २०२२ मध्यें स्वीडनच्याच 'वी बीलॅगारे' या नियतकालिकानें घड्याळ लावून तिचा निकाल केला. ताशीं ११० किलोमीटर वेगानें गाडी चालवीत असतां हवा, आकाशवाणी वगैरेंसंबंधीं कांहीं साधीं कामें करावयास किती वेळ लागतो, हें त्यानें मोजलें. अकरा नव्या गाड्या आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची बटणांची एक जुनी व्होल्वो. जुन्या गाडींत दहा सेकंद लागले. तेवढ्यांत ती ३०६ मीटर गेली. नव्यांपैकीं सर्वांत मागें पडलेल्या गाडीला तींच कामें आटोपेपर्यंत १३७२ मीटर अंतर कापावें लागलें. युरोपांत गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एन्कॅप या संस्थेनेंहि २०२६ पासूनच्या आपल्या नियमांत, दिशादर्शक दिवे, कर्णा यांसारख्या आवश्यक गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडा असण्यावर भर दिला आहे. एक घड्याळ आणि एक सरळ प्रश्न, एवढ्या भांडवलावर मोठें काम होतें तें असें.

आपल्या देशांत या पारख्यांचें युग उशिरां आलें, आणि त्याचें कारणहि उघड आहे. जेथें निवड नाहीं तेथें परीक्षकाला कामच नसतें. १९५७ पासून अँबेसेडर, मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी फिआट आणि पुढें तिचेंच झालेलें पद्मिनी हें रूप, आणि मद्रासची स्टँडर्ड. एवढ्यांतच देशाची मोटारसृष्टि आटोपत असे. त्याहि वर्षानुवर्षें नांव नोंदवून ठेवल्यावर मिळत. गाडी कशी आहे, असें कोणी विचारीत नसे. गाडी केव्हां मिळेल, एवढेंच विचारीत. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० आली, १९९३ मध्यें मोटारींच्या कारखान्यांवरील परवान्याचें बंधन उठलें, आणि परदेशी नमुन्यांची रीघ लागली. त्यामागोमाग मुंबईंतून १९९८ मध्यें 'ओव्हरड्राइव्ह' आणि १९९९ मध्यें 'ऑटोकार इंडिया' हीं मासिकें निघालीं. शंभर वर्षांपूर्वीं कॉव्हेंट्रींत लावलेल्या रोपाची फांदी अशी या बाजूला आली.

भारतीय गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती? जाहिरातींत त्याचें उत्तर मोठ्या अक्षरांत असतें. १९६६ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेसारख्या अधिकृत परीक्षणसंस्थांनीं प्रमाणित केलेला तो आंकडा असतो, आणि तो खोटा नसतो. परंतु तो मिळतो प्रयोगशाळेंत. तेथें गाडी रुळांवर उभी असते, चाकें जागच्या जागीं फिरतात, आणि वेग ठराविक वेळापत्रकाप्रमाणें वाढतो व उतरतो. तेथें बोरघाटाचा चढ नसतो, दादरची गर्दी नसते, आणि पावसाळ्यांतले खड्डेहि नसतात. हा प्रमाणित आंकडा दोन गाड्या ताडून पाहावयास उत्तम; पेट्रोलाचा मासिक खर्च मांडावयास मात्र रस्त्यावर गाडी चालवून मोजलेला परीक्षकाचा आंकडाच अधिक उपयोगी.

पारख्याच्या लेखणीलाहि मर्यादा आहेत, हें २०१४ च्या जानेवारींत सर्वांना कळून आलें. ग्लोबल एन्कॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लोकप्रिय गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळून पाहिल्या. मारुती आल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या त्या पांच. पांचांच्याहि, हवेच्या पिशव्या नसलेल्या मूळ नमुन्यांना, प्रौढांच्या रक्षणासाठीं पांचापैकीं एकहि तारा मिळाला नाहीं. त्यांपैकीं फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकला. बाकीच्या तिघींचा सांगाडाच अपुरा ठरला. पोलोच्या कारखानदारांनीं मग दोन हवेच्या पिशव्या सर्व गाड्यांना देऊं केल्या, आणि त्या पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे उणीव होती ती कांहीं हजार रुपयांच्या पिशव्यांची, आणि त्याची किंमत मोजीत होतीं माणसें.

या गाड्यांविषयीं त्यापूर्वीं पुष्कळ लिहिलें गेलें होतें. त्यांची किंमत, ॲव्हरेज, गुडघ्यांना मिळणारी जागा, वळण घेण्याची चपळाई यांची चर्चा झाली होती. पण गाडी भिंतीवर आदळून पाहणें हें कोणत्याहि मासिकाच्या आवांक्याबाहेरचें काम. तें समाजानें उभारलेल्या संस्थांनींच करावयाचें. निकाल लागल्यावर मात्र तो वाचकांपर्यंत पोहोंचविणें आणि विसरूं न देणें हें लेखकांचें कर्तव्य होतें, आणि अनेकांनीं तें बजावलें. फळहि मिळालें. डिसेंबर २०१८ मध्यें पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला पांच तारे मिळाले. भारतांत घडविलेल्या गाडीला तो मान प्रथमच लाभत होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची 'भारत एन्कॅप' ही परीक्षा सुरू झाली. ज्या जाहिराती पूर्वीं केवळ ॲव्हरेज सांगत, त्या आतां तारेहि सांगूं लागल्या. गिऱ्हाइकाचा प्रश्न बदलला म्हणून जाहिरात बदलली. आणि प्रश्न बदलला तो कोणीतरी कटु गोष्ट छापली म्हणून.

तेव्हां नव्या गाडीची स्तुति वाचतांना सुज्ञ वाचकानें थोडें थांबावें. ही गाडी लेखकाला कोणीं दिली, कीं त्यानें स्वतः मिळविली? किती दिवस चालविली, आणि कोणत्या रस्त्यावर? लेखांत एखादें तरी मोजलेलें माप आहे काय, कीं केवळ विशेषणांची आतषबाजी? एखादा दोष स्पष्ट शब्दांत सांगितला आहे काय? ज्या लेखांत एकहि दोष नाहीं तो लेख परीक्षा नसून जाहिरातीचें दुसरें पान समजावें. निर्दोष मोटार अजून कोणत्याहि कारखान्यांतून बाहेर पडलेली नाहीं.

उलट पक्षीं, दोष दाखविणाऱ्या लेखकाला मोटारींचा द्वेष्टा समजूं नये. द्वेष करणारा मनुष्य पहाटे उठून ओल्या रस्त्यावर त्याच त्या वळणावरून वीस वेळां गाडी नेत नाहीं. ज्याचें त्या यंत्रावर प्रेम आहे, त्यालाच त्याचा खडखडाट ऐकूं येतो. हेन्री स्टर्मी यांच्या काळीं मोटारीला वकील हवा होता, आणि त्यांनीं तें काम ९२९ मैल चालून केलें. आज मोटारीला वकिलाची गरज उरलेली नाहीं. रस्ते तिनें भरून गेले आहेत. आज गरज आहे ती गिऱ्हाइकाच्या वतीनें बोलणाऱ्याची. शौकिनानें आपलें वर्गणीचें मोल आणि आपला विश्वास अशा लेखकाच्या पदरीं टाकावा. त्याचा लेख वाचून कदाचित् आवडत्या गाडीचा मोह सोडावा लागेल. पण जी गाडी अखेर दाराशीं येईल, तिच्या मागच्या बाकावर मुलांना बसवितांना बापाचें मन निर्धास्त राहील.